नानांनी चूक कबूल केली

आमच्याकडे नेटबॉल म्हणजे काय, हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. पालकांना, मुख्याध्यापकांना, फक्कीनं मैदान आखणाऱ्या शिपाईभाऊंना, सगळ्यांना. "म्हणजे बास्केटबॉलच ना मॅडम? फक्त मागची फळी नाही." हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अहो, नाही! फळी नसते हे खरं, पण या खेळात चेंडू टप्पे मारत न्यायचा नसतो, हातात घेऊन पळायचं नसतं, आणि प्रत्येकीच्या छातीवर जे अक्षर असतं त्या अक्षराला जिथवर मुभा तिथवरच तिनं जायचं असतं. आणि मुख्य म्हणजे गोल कुणीही करो, पुढचा चेंडू मधल्या वर्तुळातून आळीपाळीनं सुरू होतो. एकदा त्यांचा, एकदा आपला. त्याला सेंटर पास म्हणतात. बास्केटबॉलमध्ये ज्यांच्यावर बास्केट होते त्यांच्या हातात चेंडू जातो. इथे तसं नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण आमचं जे वाटोळं झालं ते एवढ्यावरून झालं.

मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. बारावीपर्यंतची शाळा, शेजारी मुलींचं वसतिगृह. वसतिगृहातल्या बहुतेक पोरी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्या. माझ्या संघात सातातल्या पाच त्याच. आमची कॅप्टनही त्यातलीच. बारावीत होती, सेंटर खेळायची, म्हणजे छातीवर 'सी'. सेंटरला जवळजवळ सगळं मैदान पळावं लागतं. ही पोरगी सामना संपल्यावरही धापा टाकायची नाही, त्याचा मला कधी कधी रागच यायचा. बोलायला मात्र अगदी कमी. मी एवढी बडबडी, आणि माझी कॅप्टन अशी मुखदुर्बळ! तिला मी म्हणायचे, "अगं, मैदानात ओरडायला शीक जरा. चेंडू माग." ती मान हलवायची आणि चेंडू न मागताच नेमकी जिथे हवी तिथे जाऊन उभी राहायची.

तिच्या वडिलांशी माझं बोलणं शाळा सुरू होतानाच झालं होतं. डोंगराच्या कडेची पावसावरची शेती, सुगी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जायचं, आणि पाठची दोन भावंडं. आईची पाठ धरलेली. ते तिला सोडायला आले तेव्हा स्वच्छ म्हणाले, "मॅडम, हाई शेवटनं वरीस. बारावी व्हयनी का घर." मी तिथेच वाद घालायला लागले. एक शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, तिथे राज्यावर खेळलेल्या मुलींना वसतिगृहासकट फुकट घेतात, जेवणही तिथेच, असं मी त्यांना समजावलं. पोरगी खाली मान घालून ऐकत होती. तिला माझ्यासारखी खेळाची बाई व्हायचं होतं, हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं, मैत्रिणींकडून कळलं होतं. वडिलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राज्यावर खेयनी तर शिकाडसू. नही तर घर." माणूस शब्दाचा पक्का होता. मला ते पुरेसं वाटलं. राज्यावर जायला विभागाचा अंतिम सामना जिंकायचा, बस. मी मनात म्हटलं, हिच्यासारखी सेंटर अख्ख्या विभागात नाही.

विभागाचे सामने धुळ्याला होते. आम्ही क्रूझर करून गेलो. पोरींनी भाकरी-ठेचा बांधून घेतला होता, आणि अमळनेर येईपर्यंत निम्मा संपवलाही. मी ओरडले, "अगं, खेळायचं आहे! पोट फुटेल!" कुणी ऐकलं नाही. हसत, खिदळत पोचलो.

आता नानांबद्दल सांगते. नाना म्हणजे आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या खेळाच्या मास्तरांचे मास्तर. केव्हाच निवृत्त झालेले, पण स्पर्धा म्हटली की पांढरा टी-शर्ट, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, आणि नाना हजर. मूळ बास्केटबॉलचे. धुळ्या-जळगावात आज जे कुणी शिट्टी वाजवतात त्यांतल्या निम्म्यांना ती वाजवायला नानांनी शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली. शिट्टी कशी धरायची, आणि हात वर करून जराही न लाजता निर्णय कसा द्यायचा, ते सगळं. मुलींना खेळू देत नाहीत म्हणून किती घरी जाऊन हा माणूस बसला असेल, त्याची मोजदाद नाही. कुणाला पदरचे बूट दिले, कुणाला सायकलवर मागे बसवून मैदानावर आणलं. त्यांच्यावर राग धरणं मला आजही जमत नाही, आणि हीच तर माझी पंचाईत आहे.

आमच्याकडे फक्त नेटबॉलचा असा पंच नसतो. ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो सगळ्याचा पंच. सकाळी खो-खो, दुपारी व्हॉलीबॉल, वेळ पडली तर कुस्तीचं वजनसुद्धा तोच घेतो. माणसं कमी, खेळ जास्त, करणार काय? त्या दिवशी सकाळपासून नाना शेजारच्या कोर्टवर बास्केटबॉलचे सामने घेत होते. एकामागून एक. ते संपले आणि नाना घाम पुसत आमच्या अंतिम सामन्याला येऊन उभे राहिले. दोन्ही संघांच्या मुली रांगेनं त्यांच्या पाया पडल्या. नाना प्रत्येकीला म्हणाले, "मोठी हो बेटा." नेटबॉलला दोन पंच लागतात, अर्ध्या अर्ध्या मैदानाला एक. दुसरा पंच नानांचाच विद्यार्थी. गुण लिहायला टेबलावर बसलेल्या बाई, त्याही नानांच्याच विद्यार्थिनी. समोरचा संघ धुळ्याचा, त्यामुळे मैदानाभोवती सगळी त्यांचीच गर्दी, ताशा घेऊन आलेली. त्यात वाईट काही नाही. आमच्या गावी असता तर आम्हीही आणला असता.

सामना काय झाला म्हणून सांगू! कधी त्या पुढे, कधी आम्ही. नानांनी सगळा सामना बिनचूक घेतला, हे मला सांगितलंच पाहिजे. दर गोलानंतर ते टेबलाकडे बघायचे, टेबलावरच्या बाई हातानं दाखवायच्या पास कुणाचा, आणि नाना तिकडे हात करायचे. शेवटी शेवटी आम्ही एका गोलानं मागे होतो. सेंटर पास धुळ्याचा. त्यांनी चेंडू आत घातला आणि आमच्या कॅप्टननं तो हवेतल्या हवेत तोडला. दोन पास, तिसरा गोलाच्या वर्तुळात, आणि आमच्या शूटरनं शांतपणे रिंगमध्ये सोडला. बरोबरी! मी अशी किंचाळले की माझा आवाज बसला. आता पास आमचा होता. आधीचा त्यांचा झाला, म्हणून हा आमचा. थोडाच वेळ उरला होता. सावकाश चेंडू फिरवायचा, एक गोल करायचा, आणि राज्यावर जायचं. आमची कॅप्टन चेंडू घेऊन मधल्या वर्तुळात जाऊन उभीसुद्धा राहिली.

आणि नानांनी हात धुळ्याकडे केला.

गोल आम्ही केला होता ना! मग चेंडू त्यांचा. सकाळपासून बास्केटबॉलमध्ये हाच हात नानांनी असा किती वेळा केला असेल. आयुष्यभर तोच केला होता. या वेळी टेबलाकडे बघायचं राहिलं, ताशा कानठळ्या बसवत होता, आणि हात सवयीनं वळला.

आमची कॅप्टन वर्तुळात उभी होती. तिला पास कुणाचा ते पक्कं माहीत होतं. तिनं नानांकडे पाहिलं, म्हणाली, "सर..." एवढंच. नाना हसले, मायेनं मान हलवली आणि म्हणाले, "दे बेटा दे, खेळ पुढे." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवरून उठून ओरडत होते, "नाना, पास आमचा! नाना, टेबलाला विचारा!" बसलेल्या आवाजात आणि त्या ताशात माझं कुणाला ऐकू जाणार? नानांना माझे हात तेवढे दिसले असतील, कारण त्यांनी मला तळहात दाखवून बसायची खूण केली. मास्तर करतात तशी. सामना चालू असताना प्रशिक्षकानं ओरडायचं नसतं, हा नियम मला त्यांनीच शिकवलेला. धुळ्याची सेंटरसुद्धा क्षणभर गोंधळली होती. बिचारी आपल्या बाईंकडे बघायला लागली. त्या बाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या. आणि आमच्या पोरीनं दोन्ही हातांनी चेंडू तिच्या हातात दिला.

पुढचं काय सांगायचं. त्यांनी गोल केला. मग नानांनी पास आम्हाला दिला, आधीचा पास त्यांचा होता असं धरलं तर बरोबरच होतं ते, पण आमचा चेंडू गोलाच्या वर्तुळापर्यंत पोचतो न पोचतो तोच सामना संपल्याची लांब शिट्टी झाली. एका गोलानं गेलो. ताशा नुसता कडाडत होता.

माझं डोकं सटकलं होतं. मी तरातरा टेबलाकडे गेले. गुण लिहिणाऱ्या बाई माझ्याकडे बघेनात. म्हटलं, "तुमच्या कागदावर लागोपाठ दोन पास त्यांचे आहेत की नाही?" त्या हळूच म्हणाल्या, "आहेत हो मॅडम. मी हात वर केला होता. पण नाना बघतच नव्हते, आणि... नानांना ओरडून हाक कशी मारायची?" मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरे पंच बुटाची नाडी बांधत होते, ती सुटलेली नव्हती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला शंका आली होती मॅडम, पण म्हटलं नाना आहेत, त्यांचं कसं चुकेल?" म्हणजे बघा, चूक एकाची, आणि ती ओळखणारे आम्ही सगळे. टेबल, दुसरा पंच, दोन्ही सेंटर, मी. चेंडू पुन्हा खेळात जाण्याआधी एवढी माणसं होती, आणि एकालाही तो हात खाली घेता आला नाही.

मी तक्रार केली. कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून समिती बसली होती, चहा चालू होता. मी म्हटलं, नियम साधा आहे. चुकीचा पास दिला गेला, तो तिथून पुन्हा खेळवा. उरलेला वेळ खेळवा. पोरी अजून मैदानावर आहेत, खांब जागेवर आहेत. कुणा पालकानं मोबाईलवर सामना घेतला होता, तो व्हिडिओ मी त्यांच्यापुढे धरला. त्यात नानांचा हात स्वच्छ दिसत होता. एक जण म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ बघायची सोय आपल्या नियमात नाही." दुसरे म्हणाले, "पुन्हा चेंडू खेळात गेला की विषय संपतो." मी भांडायला पुरती तयार होऊन आले होते. कंबर कसूनच आले होते. तेवढ्यात नाना आले.

नानांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मग टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं. माझं चुकलं. पास या मुलींचा होता. सकाळपासून बास्केटबॉल डोक्यात बसलेला, हात तसाच वळला." त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, "बाई, मला माफ कर. निकाल फिरवता येत असेल तर फिरवा, माझी ना नाही."

आणि मग जे झालं ते मला आजपर्यंत पचलेलं नाही. समितीतले सगळे उठून उभे राहिले. "नाना, तुमचं मन केवढं मोठं!" "या वयात चूक कबूल करायची म्हणजे..." "आजकाल कोण करतं असं?" कुणी त्यांना खुर्ची दिली, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. नाना मात्र म्हणतच होते, "अरे, पण मुलींचं काय?" त्यावर सगळे त्यांना म्हणाले, "नाना, तुम्ही त्रास करून घेऊ नका, बीपी वाढेल." मी व्हिडिओ धरून तशीच उभी. माझं भांडण कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, ते नुसतं विरून गेलं. चूक मान्य झाली होती. त्यामुळे आता तक्रार कशाची करणार?

बक्षीस वाटताना माईकवर समितीनं तेच सांगितलं. आपल्या सर्वांचे लाडके नाना, यांनी आज मोठ्या मनानं स्वतःची चूक मान्य केली, हीच खरी खिलाडूवृत्ती, टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या. माझ्या पोरींनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. धुळ्याच्या संघाला राज्यावर जायची पत्रं मिळाली. त्यांचा दोष काय, त्या छान खेळल्या होत्या. नंतर नाना आमच्या पोरींपाशी आले, हात जोडले. आमची कॅप्टन पटकन पुढे झाली, त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि खाली वाकून पाया पडली. म्हणाली, "जाऊ द्या ना सर. होतं असं." मला तिला धरून हलवावंसं वाटलं. अगं, तू रड, ओरड, तोंड फिरव, काहीतरी कर! तुझं गेलं, आणि समजूत तू घालतेस?

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये कुणीच उरलेल्या भाकरींचं गाठोडं सोडलं नाही.

त्यानंतर मी काय काय केलं, ते सांगून उपयोग नाही, पण सांगते. त्या कॉलेजला फोन केला. सगळी हकिगत ऐकून तिथल्या बाई हळहळल्या, म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. पण विभागाचं आमच्याकडे चालत नाही." वर फोन केले, तिथूनही हळहळ मिळाली. नाना स्वतः दोन ठिकाणी जाऊन आले, तिथे त्यांना चहा मिळाला. खेळाच्या शिक्षकांच्या बैठकीत मी उभी राहून म्हटलं, टेबलावर एक मोठी घंटा ठेवा. शाळेचीच ठेवा, पितळी. पास चुकला की टेबलानं घंटा वाजवायची, मग पंच नाना असोत की नानांचे नाना. घंटेला कुणाचा मान राखावा लागत नाही. आणि कॅप्टननं हात वर केला तर पंचानं टेबलाला विचारल्याशिवाय चेंडू सुरू करायचा नाही. चूक सगळ्यांची होते, माझी होते, उद्या तुमची होईल. ती झाल्यावर मन मोठं करून काय उपयोग? ती होताना थांबवायची सोय हवी. सगळ्यांनी माना डोलावल्या. "सूचना चांगली आहे मॅडम, बघू." अध्यक्षांच्या बोलण्यात पुन्हा नानांच्या मोठेपणाचा उल्लेख आला. मी खाली बसले.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. मी मुद्दाम वसतिगृहावर गेले. ताडपत्रीत गुंडाळलेलं अंथरूण, एक पत्र्याची पेटी, प्लॅस्टिकची बादली, एवढं सामान ओट्यावर काढून ठेवलं होतं. वडील मला बघून उठले, रामराम केला. मग थोडा वेळ सामानाकडे बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "पोर म्हनस, आम्ही हारनूत नही. सरनं चुकनं. खरं शे का?"

"खरं आहे भाऊ."

"सरनी मानी लिधं?"

"मानलं."

"बठ्ठासना समोर?"

"सगळ्यांसमोर मानलं."

ते विचारात पडले. टोमणा मारणारा माणूस नव्हता तो. शब्द दिला होता, आणि तो आपण मोडतो आहोत की पाळतो आहोत, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"मंग आते मी तिले घर काबर लई जाऊ?"

मग तिला घरी का न्यायचं, एवढंच ते विचारत होते. राज्यावर ती गेली नव्हती. हरलीही नव्हती. मग कुठल्या तोंडानं सांगू, की भाऊ, तिला घेऊन जा?

पोरीनं पेटी उचलली. "बाबा, मॅडमले नको विचारू," ती म्हणाली. "मॅडमना हातमा काय शे?"